चहाच्या वाफेवर फिरणारं इंजिन आणि ते शोधणारा पाद्री: रॉबर्ट स्टर्लिंग यांची गोष्ट

संध्याकाळी दिवा स्टेशनबाहेर गरमागरम चहाचा ग्लास हातात घेतला की बोटं भाजतात. आपण फुंकर मारतो, दोन मिनिटं थांबतो आणि मग पितो. त्या दोन मिनिटांत बरीच उष्णता हवेत निघून जाते आणि ती आपण कुणीच मोजत नाही. पण त्याच ग्लासवर सीडीएवढं एक छोटं यंत्र ठेवलं, तर त्याचं चाक गरगर फिरू लागतं. बॅटरी नाही, पेट्रोल नाही, धूर नाही, आवाजही जवळजवळ नाही.

असे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर नक्की पाहिले असतील. ते पाहणाऱ्यांचे दोन गट पडतात. एकाला वाटतं ही फुकटची वीज आहे, दुसऱ्याला वाटतं खाली कुठेतरी मोटर लपवली आहे. दोघंही चुकतात. हे खरंखुरं इंजिन आहे आणि त्यामागची कल्पना २०० वर्षांपेक्षा जुनी आहे. ती ज्या माणसाला सुचली तो पेशाने इंजिनीअर नव्हता. तो चर्चमध्ये प्रवचन देणारा धर्मोपदेशक होता. चला, आज त्याचीच गोष्ट पाहू. शेवटी हे इंजिन घरी कसं बनवायचं तेही आहे.

शेतकऱ्याच्या घरातलं यंत्रांचं वेड

रॉबर्ट स्टर्लिंग यांचा जन्म २५ ऑक्टोबर १७९० रोजी स्कॉटलंडमधल्या मेथवेन गावाजवळच्या एका शेतघरात झाला. आठ भावंडांत त्यांचा नंबर तिसरा. घरात शेती होती, पण यंत्रांची आवडही होती. त्यांचे आजोबा मायकेल स्टर्लिंग यांनी १७५८ च्या सुमारास धान्य मळण्याचं फिरतं यंत्र बनवलं होतं. म्हणजे ज्या काळात मळणी म्हणजे काठीने झोडपणं, त्या काळात या घरात चाक फिरवून काम कसं होईल याचा विचार चालायचा.

रॉबर्ट अभ्यासात हुशार होते. १८०५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी ते एडिंबरा विद्यापीठात गेले. नंतर ग्लासगोला धर्मशास्त्र शिकले. त्या काळी स्कॉटलंडमध्ये धर्मोपदेशक होणं ही मानाची आणि स्थिर नोकरी होती. तरुण रॉबर्टनी तोच मार्ग धरला. डोक्यातली यंत्रं मात्र त्यांनी सोडली नाहीत.

एकाच महिन्यात नोकरी आणि पेटंट

१९ सप्टेंबर १८१६ रोजी किलमार्नॉक गावातल्या चर्चमध्ये रॉबर्ट स्टर्लिंग यांची रीतसर नेमणूक झाली. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, २७ सप्टेंबरला, त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा वय होतं २५.

इथे एक लोकप्रिय गोष्ट तपासून घेऊ. अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं की वाफेच्या इंजिनांचे बॉयलर फुटून गावातले कामगार मरत होते, ते पाहून या दयाळू पाद्रीने सुरक्षित इंजिन शोधलं. बॉयलर फुटायचे हे खरंच आहे. पण तारखा बघा. नेमणूक झाल्यावर आठ दिवसांत गावकऱ्यांचे अपघात पाहून कुणी इंजिन शोधून काढत नाही. हे काम त्याआधी कितीतरी दिवस चाललेलं असणार. शिवाय त्या पेटंटच्या नावातच उद्देश दिला आहे: इंधनाचा खर्च कमी करणं. स्टर्लिंग यांचा मूळ प्रश्न साधा होता. आपण कोळसा जाळतो, उष्णता मिळते आणि त्यातली बहुतेक वाया जाते. ती परत वापरता येईल का?

रॅकवर ठेवलेली बॅग

त्यांचं उत्तर समजायला लोकल ट्रेन पुरेशी आहे. गर्दीत आपण चढताना बॅग रॅकवर ठेवतो आणि उतरताना तीच उचलतो. प्रत्येक स्टेशनला नवी बॅग विकत घेत नाही. स्टर्लिंग यांनी हवेला नेमकं हेच करायला लावलं.

बंद डब्यात ठरावीक हवा भरायची. डब्याची एक बाजू गरम, दुसरी थंड. हवा गरम बाजूला गेली की फुगते आणि पिस्टनला ढकलते. थंड बाजूला आली की आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला आत ढकलतो. पण गरम हवा थंड बाजूला जाताना वाटेत धातूच्या पातळ पत्र्यांमधून किंवा तारांच्या जाळीतून जाते आणि आपली उष्णता तिथे ठेवून जाते. परत येताना तीच उष्णता उचलून घेते. म्हणजे दर फेरीला आगीकडून नव्याने घ्यावी लागणारी उष्णता कमी होते.

या भागाला त्यांनी बचत करणारा अशा अर्थाचं नाव दिलं होतं. आज इंजिनीअर त्याला रिजनरेटर म्हणतात. स्टर्लिंग यांचा खरा मोठा शोध हाच. हवेवर चालणारं इंजिन बनवायचे प्रयत्न इतरांनीही केले होते, पण उष्णता जपून ठेवणारी ही जागा त्यांनी दिली.

खाणीतलं पहिलं इंजिन

कल्पना कागदावर राहिली नाही. १८१८ मध्ये त्यांचं इंजिन आयरशर भागातल्या एका दगडखाणीत पाणी उपसायला लावलं गेलं. ते चाललंसुद्धा. पण काही काळाने आगीवरचा सिलिंडरचा तळ जळून निकामी झाला.

हा अपघात लक्षात ठेवा, कारण पुढची साठ वर्षं स्टर्लिंग यांच्या वाट्याला हेच येत राहिलं. वाफेच्या इंजिनात आगीवर पाणी असतं. ते उकळत राहतं आणि बॉयलरच्या धातूला फार तापू देत नाही. हवेच्या इंजिनात पाणी नाही. जास्त ताकद हवी तर धातू लालबुंद तापवावा लागतो. त्या काळचं ओतीव लोखंड इतका ताप फार दिवस सोसू शकत नव्हतं. कल्पना बरोबर होती, पण तिला लागणारा धातू अजून जन्मालाच यायचा होता.

१८१९ मध्ये त्यांचं जीन रँकिन यांच्याशी लग्न झालं. पाच मुलगे आणि दोन मुली झाल्या. १८२४ मध्ये ते जवळच्याच गॅल्स्टन गावाच्या चर्चमध्ये गेले आणि उरलेलं सगळं आयुष्य त्याच गावात राहिले. लग्नं लावायची, अंत्यसंस्कार करायचे, रविवारी प्रवचन द्यायचं आणि उरलेल्या वेळात वर्कशॉप. किलमार्नॉकच्या थॉमस मॉर्टन नावाच्या कारागिराने त्यांना प्रयोगांसाठी जागा आणि अवजारं दिली होती. हा मॉर्टन गालिचे विणायचे माग बनवायचा आणि दुर्बिणीसुद्धा.

धाकटा भाऊ मदतीला आला

रॉबर्ट यांचा धाकटा भाऊ जेम्स हा मात्र पक्का इंजिनीअर होता. त्याने एक महत्त्वाची भर घातली: डब्यात साधी हवा ठेवण्याऐवजी ती आधीच दाबून भरायची. तेवढ्याच जागेत जास्त हवा, म्हणजे तेवढ्याच आकारात जास्त ताकद. दोघा भावांनी मिळून १८२७ आणि १८४० मध्ये आणखी पेटंटं घेतली.

जेम्स तेव्हा डंडी शहरातल्या एका ओतकामाच्या कारखान्याचा मॅनेजर होता. १८४३ मध्ये तिथलं वाफेचं इंजिन बदलून त्याच्या जागी हवेचं इंजिन बसवण्यात आलं. पूर्ण कारखान्याची यंत्रं त्यावर चालू लागली. कोळसाही कमी लागत होता. भावांना वाटलं असेल, आता जमलं.

पण लोखंडाने पुन्हा दगा दिला. गरम बाजूचे सिलिंडर एकामागून एक तडकत गेले. दरवेळी दुरुस्ती, दरवेळी कारखाना बंद. शेवटी १८४७ मध्ये कारखान्याने कंटाळून वाफेकडे परत जायचं ठरवलं. चार वर्षं चाललेलं हे इंजिन स्टर्लिंग बंधूंचं सर्वांत मोठं यश होतं आणि सर्वांत मोठं अपयशही तेच.

वडील हवेवाले, मुलगे वाफेवाले

आता यातली गंमत बघा. वडिलांनी आयुष्यभर वाफेला पर्याय शोधला आणि त्यांचे चार मुलगे रेल्वे इंजिनीअर झाले. थोरला पॅट्रिक आपल्या काकांच्याच डंडीच्या कारखान्यात शिकला. पुढे १८७० मध्ये त्याने आठ फुटांहून उंच चाकाचं वाफेचं इंजिन बनवलं. ते इंग्लंडच्या सर्वांत वेगवान गाड्या ओढायचं आणि आजही यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. धाकटा जेम्सही तिकडच्या रेल्वेत मोठ्या पदावर गेला, तर दोघांनी दक्षिण अमेरिकेत काम केलं. उरलेला डेव्हिड वडिलांसारखा धर्मोपदेशक झाला.

त्या काळात वाफ जिंकतच होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोहोचले. आज आपण ज्या दिव्याला गाडी बदलतो, ते याच वाटेवर आहे. इकडे आपल्या खाडीकाठाने वाफेची इंजिनं शिट्या मारत होती, तेव्हा तिकडे गॅल्स्टनमध्ये साठीतला एक पाद्री अजून लोखंडाच्या तड्यांचा विचार करत होता.

शास्त्रज्ञांनी मात्र ओळखलं

बाजाराने पाठ फिरवली, पण विज्ञानाने नाही. ग्लासगो विद्यापीठात स्टर्लिंग इंजिनाचं एक छोटं मॉडेल होतं. १८४० च्या दशकात विल्यम थॉमसन हा तरुण प्राध्यापक तिथे आला. धूळ खात पडलेलं ते मॉडेल त्याने साफ करून चालू केलं आणि उष्णता व काम यांचं नातं समजून घ्यायला वापरलं. हाच माणूस पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखला गेला. आज तापमान मोजण्याच्या एककाला त्याचं नाव आहे.

उष्णतेचं इंजिन किती चांगलं होऊ शकतं याची एक मर्यादा असते. ती गरम आणि थंड बाजूंच्या तापमानातल्या फरकावर ठरते. फरक जितका मोठा, तितकं जास्त काम मिळू शकतं. हा नियम फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडला होता. स्टर्लिंग यांनी मात्र उष्णता वाचवणारं इंजिन त्याच्या आठ वर्षं आधीच पेटंट केलं होतं.

१८७८: गॅल्स्टन आणि कुलाबा

१८५६ मध्ये हेन्री बेसेमर यांनी स्वस्तात आणि भरपूर पोलाद बनवायची पद्धत आणली. स्टर्लिंग यांना हवा होता तो धातू अखेर आला, पण त्यांच्यासाठी उशिरा. १८७६ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांनी हे लिहूनही ठेवलं: असं पोलाद आपल्या वेळी असतं तर हवेचं इंजिन नक्की यशस्वी झालं असतं आणि आता हे काम पुढच्या कुणीतरी करावं. ६ जून १८७८ रोजी गॅल्स्टनमध्येच त्यांचं निधन झालं.

योगायोग असा की त्याच १८७८ मध्ये मुंबईत एक पुस्तक छापलं गेलं. लेखक होते विल्यम अ‍ॅडम्स, मुंबई हायकोर्टातले अधिकारी. तेही पेशाने इंजिनीअर नव्हते. उन्हाच्या देशात कोळसा कशाला जाळायचा, हा त्यांचा प्रश्न होता. कुलाब्यात त्यांनी सपाट आरशांची रांग लावून ऊन एका बॉयलरवर टाकलं आणि त्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन चालवून दाखवलं. त्यांचं इंजिन वाफेचं होतं, स्टर्लिंगचं नव्हे. पण अमेरिकेत जॉन एरिक्सन यांनी थोडं आधीच उन्हावर हवेचं इंजिन फिरवलं होतं. इंधन वाचवायचा जो प्रश्न स्टर्लिंग यांना पडला, तो आता जगभर पसरला होता.

मेलेलं इंजिन परत कसं आलं?

पुढे वीज आली, पेट्रोल आलं आणि हवेची इंजिनं मागे पडली. रॉकेलच्या दिव्यावर फिरणारे पंखे तेवढे उरले. वीज नसलेल्या गरम देशांत ते विकले जायचे, आपल्याकडेसुद्धा. मग १९३० च्या दशकात नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीला वीज नसलेल्या ठिकाणी रेडिओ चालवायला शांत जनरेटर हवा होता. त्यांनी स्टर्लिंग यांची जुनी कल्पना बाहेर काढली. स्टर्लिंग इंजिन हे नावही त्यानंतरच रूढ झालं. आज स्वीडनच्या गॉटलँड वर्गाच्या पाणबुड्या पाण्याखाली आवाज न करता याच इंजिनावर चालतात. हेच यंत्र बाहेरून उलटं फिरवलं तर थंडी तयार होते, म्हणून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे सेन्सर थंड ठेवायला ते वापरतात.

आणि चहावालं इंजिन? ते १९८३ मध्ये आलं. झाग्रेब विद्यापीठाचे प्राध्यापक इव्हो कोलिन यांनी नुसत्या गरम पाण्यावर चालणारं चपटं इंजिन दाखवलं. अमेरिकेच्या जेम्स सेन्फ्ट यांनी ते इतकं सुधारलं की १९९० पर्यंत दोन बाजूंत अर्धा अंश फरक असला तरी चाक फिरत होतं. ज्या इंजिनाचा जीव जास्त तापल्यामुळे गेला, ते आता कोमट हातावर फिरू लागलं.

आता घरी बनवू

लेथ मशीन लागत नाही. दिव्यातल्या वन रूम किचनमध्येही होण्यासारखं काम आहे.

१. दोन गोल पत्रे: अ‍ॅल्युमिनियमचे, साधारण १२ सेंमी व्यासाचे. स्टीलची ताटली घेऊ नका. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या दहा पटींहून जास्त सहज वाहते. पत्र्याच्या कडा हात कापतात, आधी घासून घ्या.

२. मधली भिंत: प्लास्टिकच्या बरणीची अडीच सेंमी उंचीची रिंग. इथे धातू नको, नाहीतर खालची उष्णता भिंतीतून थेट वर जाईल.

३. थर्मोकोलची चकती: टीव्हीच्या पॅकिंगमधली चालेल. जाडी १२ मिमी, व्यास भिंतीपेक्षा ५ मिमी कमी. ही हवेला वर-खाली ढकलते. फेविक्विक लावू नका, थर्मोकोल विरघळतो. साधा फेविकॉल वापरा.

४. तार: सरळ, गुळगुळीत स्टीलची. ती वरच्या पत्र्यातल्या बारीक नळीतून सरकली पाहिजे, पण हवा सुटता कामा नये. सगळी करामत इथेच आहे.

५. फुगा: वरच्या पत्र्याला दुसरं भोक पाडून त्यावर बाटलीचं भोक पाडलेलं झाकण चिकटवा आणि त्यावर फुग्याचं रबर सैलसर बसवा. हा आपला पिस्टन.

६. क्रँक आणि चाक: तारेचे दोन बाक, एकमेकांना ९० अंशांत. थर्मोकोलचा बाक ५ मिमीचा, म्हणजे चकती एकूण १० मिमी वर-खाली होईल. फुग्याचा ३ ते ४ मिमीचा. थर्मोकोलचा बाक फिरण्याच्या दिशेने पुढे हवा. चाकासाठी जुनी सीडी.

जोडण्याआधी दोन चाचण्या करा. डबा गरम पाण्याच्या ग्लासवर ठेवून चकती वर उचला: फुगा फुगलाच पाहिजे. नाही फुगला तर कुठेतरी गळती आहे. मग चाकाला बोटाने टिचकी मारा: ते बराच वेळ सहज फिरलं पाहिजे. दोन्ही जमलं तर चहावर ठेवा, एक-दोन मिनिटं तापू द्या आणि हलकेच ढकला.

एक गोष्ट थंड देशांतले व्हिडिओ सांगत नाहीत. तिकडे खोली १८ अंशांवर असते, म्हणून तळहाताच्या उबेवर चाक फिरतं. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या छताखाली खोलीच ३३-३४ अंशांवर जाते आणि तळहातही साधारण तेवढाच. फरकच नाही, मग फिरणार काय? अशा वेळी वरच्या पत्र्यावर बर्फ ठेवा. चहा नसला तरी खोलीच्या उष्णतेवर चाक फिरेल.

यावर फोन चार्ज होईल का?

हिशोब करू. २०० मिली चहा ८० अंशांवरून ३० अंशांवर आला तर सुमारे ४२ हजार ज्यूल उष्णता सुटते, म्हणजे साडेअकरा वॉट-तासांच्या आसपास. तुमच्या ५००० एमएएच बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात. कार्नोच्या नियमाप्रमाणे अगदी आदर्श इंजिन असलं, तरी त्या चहातून एक वॉट-तासही काम मिळत नाही. म्हणजे फार तर चार-पाच टक्के बॅटरी. घरच्या इंजिनात घर्षण आणि गळती धरली तर त्याचाही बारीकसा अंश. त्यामुळे चहावर फोन चार्ज होताना दाखवणारा व्हिडिओ आला, तर तो फॉरवर्ड करू नका.

मग बनवायचं कशाला? कारण चाक फिरायला लागतं तेव्हा उष्णतेचं काम होताना डोळ्यांनी दिसतं. आणि ते फिरलं नाही, तर तुम्ही तेच करता जे स्टर्लिंग यांनी साठ वर्षं केलं: गळती कुठे आहे ते शोधता, धातू बदलता, पुन्हा जोडता. त्यांना हवा तो धातू वेळेवर मिळाला नाही. तुमच्याकडे तो स्वयंपाकघरात पडलेला आहे.